मंगळवारची सहल

"बसल्याचं नशीब बसतं, चालत्याचं चालतं." हे वाक्य मास्तर दर मंगळवारी संध्याकाळी फोनवर म्हणायचे. आधी घसा खाकरायचे, मग हे वाक्य, आणि मग गेल्या रविवारची सहल. शाळेतल्या प्रार्थनेसारखा हा क्रम ठरलेला होता, त्यात कधी काना-मात्रेचा फरक पडला नाही.

मास्तर परमुलखात. तिथल्या पोरांना ते एक भाषा शिकवायचे. ती ना मास्तरांच्या घरची, ना त्या पोरांच्या घरची, तिसऱ्याच कुणाची. इकडे त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला नर्सबाई म्हणायचं, मास्तरही चारचौघांत नर्सबाईच म्हणायचे. मंगळवारी संध्याकाळी ती ओट्याच्या पायरीवर बसून फोन कानाला लावायची, आणि मास्तर तिला हिंडवून आणायचे.

अशी ती अकरा वर्षं हिंडली. नऊ नंबरच्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरून तळ्यावर गेली. तळ्यात चाळीस पांढरी बदकं, सगळी एका रांगेत, पुढचं वळलं की मागची सारी वळणार. तीनशे बारा पायऱ्यांचा मनोरा चढली. त्याच्या माथ्यावरून शहर कसं दिसतं म्हणे, तर पाटीवर खडूचा चुरा सांडल्यासारखं. नदीवरच्या होडीत बसली, होडीवाल्याचा एका डोळ्याचा कुत्रा पाहिला. आणि दर वेळी फोन ठेवून आत जाऊन तिने दोन घास खाल्ले.

बुधवारी दवाखान्यात लसीकरण असायचं. बाया पोरं काखेत घेऊन सकाळपासून बसलेल्या. त्यांना बुधवार लसीसाठी हवा असायचा, आणि नर्सबाईसाठी.

"काय हो नर्सबाई, मास्तर कुठे जाऊन आले या खेपेला?"

"तळ्यावर."

"पुन्हा तळ्यावर? बदकं किती झाली आता?"

"पंचेचाळीस."

"बघा! तिकडची बदकंसुद्धा सुखात आहेत. नाहीतर आमच्या कोंबड्या. दोन होत्या, एक मुंगसाने नेली."

बाया हसायच्या आणि त्या हसण्यात नर्सबाई सुई टोचून मोकळी व्हायची. पोर रडायचं तेव्हा ती बदकांची रांग हाताने करून दाखवायची. कितीतरी पोरं त्या बदकांवर गप्प झाली.

मास्तर गेले होते ते दोन कामांसाठी. मुलीचं शिक्षण आणि आईचं आजारपण. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न करून आपल्या घरी नांदायला गेली. आई गेली तेव्हा मास्तर पंधरा दिवस येऊन परत गेले. दोन्ही कामं संपली, माणूस मात्र परत आला नाही. परमुलखात राहिलेला माणूस विहिरीत पडलेल्या बादलीसारखा असतो. दोर धड असतो तोवर कुणी ओढत नाही, आणि ओढायला जावं तर दोर कुजलेला.

मग नर्सबाई निवृत्त झाली. बत्तीस वर्षं तिचं फिरणं म्हणजे वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फिनेलचा वास तिच्या लुगड्यांना कायमचा बसला होता. त्याच सुमारास मास्तरांच्या शाळेने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला: अजून दोन वर्षं राहा, आणि या वेळी बायकोलाही घेऊन या. हे ऐकताच नर्सबाईने बाजारातून चालायचे बूट आणले. आयुष्यात पहिल्यांदा. लेसवाले.

"सही करून टाका," ती फोनवर म्हणाली. "मी येते. आता दोघं मिळून हिंडू."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "आधी येऊन बघ तर खरी," मास्तर म्हणाले.

ती आली.

खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली इस्त्रीचं दुकान. जिन्यात सतत गरम ओल्या कापडाचा वास. वर एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. खिडकी एकच, ती रस्त्यावर. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं. नर्सबाईने ती खोली नवीन पेशंटकडे बघावं तशी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"खुर्ची एकच?"

"मला एकच लागते."

"आणि कुणी आलं तर?"

"कोण येतंय," मास्तर म्हणाले आणि पलंगावर बसले, तिला खुर्ची दिली.

तो कागद टेबलावर चहाच्या डब्याखाली होता. महिन्याच्या शेवटच्या बुधवारपर्यंत सही करून मोठ्या बाईंकडे, म्हणजे शाळेच्या प्रमुखांकडे, द्यायचा होता. हातात अडीच आठवडे होते. नर्सबाई रोज चहा करताना डबा उचलायची, कागद दिसायचा, आणि ती विचारायची, "केली?"

"बघू," मास्तर म्हणायचे.

"त्यात बघायचं काय? पेन माझ्याकडे आहे."

"अगं, करू."

ती कशासाठी आली होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. उरलेली वर्षं तिला दारं-खिडक्या असलेल्या कुठल्याही जागेत काढायची नव्हती. मनोरा तिला पाठ होता, आता फक्त चढायचा होता.

पण मास्तरांचा दिवस तिने पाहिला आणि तिचं विचारणं जरा कमी झालं. पहाटे साडेपाचला उठणं. सव्वासहाची बस. सहा तास शिकवणं, मग कच्च्या पोरांचा वर्ग, मग संध्याकाळी कारखान्यातल्या मोठ्या माणसांचा वर्ग. परत आल्यावर मास्तर लगेच वर यायचे नाहीत. इस्त्रीवाली एक लाकडी स्टूल जिन्यापाशी सरकवायची, मास्तर त्यावर बसायचे. दहा मिनिटं, कधी वीस. दोघांत बोलणं नाही. ती कपडे दाबत असायची, हे जमिनीकडे बघत असायचे. मग एकेका मजल्यावर थांबत वर. नर्सबाई दार उघडून पावलं मोजायची. थकवा पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. या घरात तो केव्हाच पाय पसरून बसला होता.

पहिला रविवार आला. नर्सबाई सकाळी सातला बूट घालून, लेस बांधून खुर्चीवर बसली. मास्तर झोपलेले. आठ वाजले, दहा वाजले. तिने बूट काढले नाहीत. घोरणं मध्येच थांबायचं, तिला वाटायचं उठले, आणि ते कूस बदलायचे. एक वाजता त्यांनी डोळे उघडले. समोर बायको बूट घालून बसलेली, जशी काही गाडी चुकलेली.

"काल जरा जास्तच झालं," ते म्हणाले.

"असू दे."

"पुढच्या रविवारी नक्की."

"असू दे म्हटलं ना."

त्या दुपारी कपाट आवरताना तिला मास्तरांचे बूट सापडले. चार वर्षांपूर्वी फोनवर त्यांनी या बुटांचं केवढं कौतुक सांगितलं होतं, खास डोंगर चढायला घेतलेले म्हणून. तिने ते उलटे केले. तळवे कोरे. एका टाचेवर दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. नर्सबाईने ते परत जागेवर ठेवले. मनाशी म्हणाली, जपून वापरतात. आपल्या माणसाची लाज माणूस आधी स्वतःपासून झाकतो.

दुसऱ्या रविवारी तिने त्यांना आठ वाजता हलवून उठवलं. "चला, बदकं वाट बघतायत."

मास्तर उठले. दाढी केली, कोरे बूट घातले. नऊ नंबरची बस आली, आणि चढताना मास्तरांनी ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. ड्रायव्हरने मान हलवली.

"काय विचारलंत?"

"तळ्याकडे जाते का ते."

"अकरा वर्षं जाताय ना याच बसने?"

"रस्ते बदलतात हल्ली," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

शेवटचा थांबा आला. बसमध्ये दोघंच उरले होते. उतरून पाहिलं तर एक लांबच लांब जाळीचं कुंपण, आणि पलीकडे सिमेंटने बांधलेला चौकोनी हौद. शहराला पिण्याचं पाणी तिथून जात होतं. पाण्यावर पाखरं बसू नयेत म्हणून वरही जाळी ताणलेली. फाटकाशी खुर्ची टाकून रखवालदार बसला होता.

मास्तर कुंपणाला दोन्ही हात लावून उभे राहिले. मग रखवालदाराकडे गेले. तो बोलला ते त्यांनी बायकोला लगेच सांगितलं नाही, तिने दोनदा विचारलं तेव्हा सांगितलं. "तो म्हणतो, वीस वर्षं इथे आहे. बदक कधी पाहिलं नाही. कावळा बसला तरी त्याला जाब द्यावा लागतो."

नर्सबाईने हौदाकडे पाहिलं नाही, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. बत्तीस वर्षं तिने माणसांची तोंडं वाचली होती. खोटं बोलताना पकडला गेलेला माणूस कसा दिसतो ते तिला माहीत होतं. तो आधी दुसरीकडे बघतो. मास्तर दुसरीकडे बघत नव्हते. ते हौदाकडेच बघत होते, आणि तिच्यापेक्षा जास्त चकित झालेले होते.

"मनोरा कुठे आहे?" तिने विचारलं.

मनोरा बसच्या वाटेवरच होता. जुना पाण्याचा मनोरा, लोखंडी दाराला कुलूप. दाराच्या फटीतून जिना दिसत होता. मास्तर वाकून पायऱ्या मोजू लागले. चाळीसपर्यंत मोजून ते थांबले, कारण चाळिसावर जिना संपला होता.

समोर बाक होता. दोघं बसले. बुटांनी नर्सबाईची टाच सोलली होती, तिने लेस सैल केली.

"तुम्ही कधी आला नाहीत इथे," ती म्हणाली.

"नाही."

"कुठेच गेला नाहीत?"

"एकदा गेलो. पहिल्या वर्षी. एका बागेत जाऊन बसलो. एकट्याने काय बघायचं गं? बघितलं की माणूस बाजूला वळतो, हे बघ म्हणायला. बाजूला कुणीच नव्हतं. परत आलो. त्यानंतर रविवारी झोपतच आलो."

"आणि मला सांगितलंत ते? बदकं, कुत्रा, ते खडूचा चुरा?"

मास्तरांनी रुमालाने तोंड पुसलं. "सोमवारी पहिल्या तासाला पोरांना निबंध असतो. 'माझा रविवार.' चौतीस वह्या. त्या घरी आणतो, तपासतो, मंगळवारी त्यातलं तुला सांगायचो."

तेव्हा कुठे तिला मंगळवारचा अर्थ लागला. रविवारी मास्तर हिंडून दमतात, सोमवारी काम असतं, म्हणून मंगळवारी बोलतात, असं ती अकरा वर्षं धरून चालली होती.

"का पण?"

"पहिल्या वर्षी तू फोनवर रडलीस. म्हणालीस, तुम्ही तिकडे एकटे बसून असाल या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्या दिवशी टेबलावर एका पोराची वही उघडी होती. त्यात तळं होतं. मी वाचून दाखवलं, माझं म्हणून. तू म्हणालीस, आता जेवते."

एक बाई लहान मुलाला ओढत समोरून गेली. मग नर्सबाई म्हणाली, "म्हणजे पोरं खोटं बोलली, तुम्ही ते माझ्याशी बोललात, आणि मी गावभर दवंडी पिटली. सगळ्यात मोठं बदक मीच."

मास्तरांना हसू आलं, पण ते तिच्याकडे बघताच विरलं. ती हसत नव्हती.

बसमध्ये ती वेगळ्या बाकावर बसली. मास्तर एकटे मागे. आता त्यांच्या डोक्यात बायको नव्हती. वर्गातली पोरं होती. वर्षावर्षाला पोरं बदलली, तळं तेच राहिलं. ती बदकं थोरल्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत पोहत आली होती, वाढत वाढत आली होती. एवढी वर्षं एवढ्या पोरांनी एकच खोटं का लिहावं? खोली येईपर्यंत त्यांना आठवलं, आणि दार लावून ते पलंगावर बसले तसे बोलू लागले. तिने विचारलं नव्हतं तरी.

"पहिल्या वर्षी एक ठेंगणा होता वर्गात. पहिल्याच सोमवारी त्याने एक ओळ लिहिली. 'रविवारी मी घरी होतो.' बस. मी त्याच्या वहीत लाल शाईने लिहिलं, अजून लिहा, कुठे गेला होतात? आणि त्याला उभं केलं. सगळ्या वर्गाला सांगितलं, बसल्याचं नशीब बसतं. पोरं हसली त्याला. पुढच्या सोमवारी त्याने दोन पानं लिहिली. तळं, बदकं. मी त्याची पाठ थोपटली, वर्गापुढे वाचून दाखवलं. दहापैकी नऊ."

नर्सबाई कोपऱ्यात चहा ठेवत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे त्या बदकांचा बाप तो," ती म्हणाली.

"आणि आजोबा मी. मीच शिकवलं त्यांना. या पोरांचे आईबाप रविवारीही कामाला जातात गं. कुणाची आई ऑफिसं पुसते, कुणाचा बाप गोदामात. पोरं घरात कोंडलेली. मला हे माहीत होतं. हजेरीपटात आईबापाचं काम लिहिलेलं असतं. रोज बघतो तो पट. तरी दर सोमवारी मी त्यांना बाहेर हाकलत राहिलो. घरी होतो म्हणणाऱ्याला चार मार्क."

"आणि स्वतः झोपलेले."

"आणि स्वतः झोपलेला," मास्तर म्हणाले.

त्या रात्री दोघं जेवले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. नर्सबाईचा राग ओल्या लाकडासारखा होता. जाळ नव्हता, नुसता धूर.

सोमवारी मास्तर नेहमीसारखे सव्वासहाला गेले. संध्याकाळी जिन्याच्या खाली स्टूलवर नेहमीपेक्षा जास्त बसले. नर्सबाईने खिडकीतून पाहिलं, इस्त्रीवालीने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला होता. अर्ध्या तासाने ते वर आले. खांद्यावर चौतीस वह्यांची पिशवी.

"आज वर्गात सांगितलं," ते म्हणाले. "म्हटलं, मी रविवारी झोपतो. एक वाजेपर्यंत. अकरा वर्षं झाली. आता तुम्ही काय करता ते लिहा. घरी असाल तर घरचं."

"हसली पोरं?"

"नाही. आधी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आज काही लिहिणार नाहीत. मग पेन्सिलींचा आवाज सुरू झाला. घंटा वाजली तरी कुणी मान वर करेना."

त्यांनी वह्या टेबलावर काढल्या. खुर्चीवर ते बसले, पलंगाच्या कडेला ती. तिने त्यांचे बूट काढले, पाय मांडीवर घेतला, आणि सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा राहिला. ती बघत राहिली. खळगा हळूहळू, फार हळूहळू भरला. असे घोटे तिने दवाखान्यात शेकड्यांनी पाहिले होते. त्यांच्या पुढे काय वाढून ठेवलेलं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने दुसरा पाय घेतला. तिथेही तेच.

वर मास्तर वाचत होते. वाचता वाचता तिच्यासाठी आपल्या भाषेत सांगत होते.

"ही दोन वेण्यांची मुलगी. गेल्याच आठवड्यात हिची बदकं एकावन्न होती. आज लिहिते, 'आई रविवारी दुसऱ्यांच्या खिडक्या पुसते. मी आमची पुसली. बाहेर समोरची भिंत दिसते, ती आता स्वच्छ दिसते.'"

"अजून वाचा."

"हा म्हणतो, 'मी आणि भाऊ पलंगाखाली गेलो आणि घर आमच्या डोक्यावर आहे असं खेळलो. मग भाऊ खराच झोपला.' आणि हा बघ. 'बाबा बारा वाजता आले. आम्ही बोललो नाही कारण ते झोपणार होते. मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांच्या मोज्याला भोक आहे.'"

मास्तर तिथे थांबले. लाल पेन उघडं होतं, ते त्यांनी बंद केलं. मग पुढची वही. मग त्याच्या पुढची. चौतिसावी वही मिटेपर्यंत बाहेर दिवे लागले होते. नर्सबाईच्या मांडीवर त्यांचे पाय तसेच होते आणि तिला मुंग्या आल्या होत्या, पण तिने पाय खाली ठेवले नाहीत.

"चांगलं लिहितात हो," ती म्हणाली.

"फार चांगलं." मास्तरांनी डोळे मिटले. "हे मला अकरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तेव्हा अंगात बळ होतं. आता कळून काय करू? आता मला यांना नव्याने शिकवायला हवं, आणि माझ्यात तेवढं उरलेलं नाही."

मंगळवारी मास्तर शाळेत गेल्यावर नर्सबाईने बूट घातले. टाचेला कापूस लावला आणि एकटीच खाली उतरली. इस्त्रीवालीने हाताने विचारलं, कुठे? नर्सबाईने हातानेच सांगितलं, कुठेही. ती सरळ रस्त्याने चालत गेली, दोन तास. दुकानं, शाळा, एक बंद कारखाना, पुलाखालून जाणारं काळं पाणी. काही फार बघण्यासारखं नव्हतं. पण पुलावर वारा होता, आणि तिला त्यावर उभं राहायला बरं वाटलं. कुणी हाक मारणारं नव्हतं, कुणाची सलाईन संपत आलेली नव्हती. कठड्याला टेकून ती थोडी रडली. दोन वर्षं अशी मिळाली असती तर! कुठेही हिंडली असती ती, बदकं असोत नसोत. मग तिने तोंड पुसलं आणि परत फिरली.

संध्याकाळी मास्तर आले तेव्हा चहा तयार होता. डब्याखालचा कागद टेबलावर उघडा ठेवलेला. शेजारी पेन.

"उद्या बुधवार," ती म्हणाली.

"हो." मास्तरांनी पेन उचललं. "तुझी इच्छा आहे. एवढी वर्षं खोटं हिंडवलं तुला, दोन वर्षं खरं हिंडवतो."

"कशाने हिंडवणार? या पायांनी?"

मास्तरांनी पायांकडे पाहिलं.

"ठेवा ते पेन," ती म्हणाली. "काल मी तुमचे घोटे दाबून पाहिलेत. दोन वर्षांत मला तुम्हाला हिंडवावं लागेल, खुर्चीत घालून. आणि खुर्ची तर एकच आहे घरात."

"मग परत जाऊन मी काय करू? गावात सगळ्यांना मी हिंडणारा मास्तर. बायका विचारतील, मास्तर, बदकं कशी आहेत?"

"सांगा, मेली."

"सगळी?"

"एकजात सगळी. साथ आली म्हणा. साथीचं मी बघून घेते, माझं खातं आहे ते."

या वेळी मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. तिने पाठीवर हात फिरवला.

"तुम्हाला बसायचंच आहे ना?" ती म्हणाली. "मग आपल्या ओट्यावर बसा. इथे जिन्यापाशी परक्याच्या स्टूलावर का? तुम्ही बसा, मी हिंडते. डोंगरापर्यंत जाऊन येईन आणि तुम्हाला सांगेन. पण एक सांगून ठेवते. मी जेवढं बघेन तेवढंच सांगेन. वर एक पान जास्त नाही."

"तुझा राग गेला?"

"नाही," नर्सबाई म्हणाली. "तो गावी जाऊन काढीन. इथे जागा नाही."

ठरलं ते असं. कागदावर सही करायची नाही. सत्राचे सहा आठवडे उरले होते, तेवढे पुरे करायचे, कच्च्या पोरांचा वर्ग आणि संध्याकाळचा वर्ग उद्यापासून सोडायचा, आणि मग दोघांनी मिळून निघायचं.

बुधवारी सकाळी मास्तरांनी बिनसहीचा कागद घडी करून वरच्या खिशात घातला. वह्यांची पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून ते म्हणाले, "मोठ्या बाई विचारतील, का नाही?"

"सांगा, बायको नको म्हणाली. जगात कुठेही चालतं ते."

ते उतरले. नर्सबाई खिडकीशी आली. रस्ता नुकताच उजळत होता. खाली दुकानाचं दार उघडं होतं आणि इस्त्रीवाली उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिला बहुधा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण आज तिने मान हलवून निरोप दिला नाही, नुसती बघत राहिली. मास्तर भिंतीच्या कडेकडेने निघाले. पावलं जड होती, पण घाई नव्हती. कोपऱ्याच्या आधी थांबून त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, खिसा चाचपला, आणि वळले. बस आली आणि गेली. इस्त्रीवाली अजून उंबऱ्यात उभी होती, आणि वर खिडकीत नर्सबाई.